राबाचा धूर

राब भाजल्याचा वास आला, की मला ती बक्षीसवाली कादंबरी आठवते आणि तोंड कडू होतं. त्या उन्हाळ्यात मी हिर्डोशीला बहिणीच्या घरी गेलो होतो. पिशवीत भोरच्या वाचनालयातून आणलेली ती कादंबरी होती आणि एक विषप्रयोगाची रहस्यकथाही होती, पण असलं काही मी चारचौघांत उघडत नसे. मी पडलो गंभीर वाचक. ओटीवर बसून बहिणीच्या सासूबाईंना मी त्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात नायक आपल्याच जमिनीवर शेण, तोडलेल्या डहाळ्यांची कवळं, पालापाचोळा पसरून आग लावतो आणि राखेशेजारी बसून पाच पानं रडतो. वाचता वाचता मीही डोळे पुसले. समोरच्या उतारावर बहिणीचा नवरा नेमकं तेच करत होता, धूर थेट माझ्या नाकात येत होता, तरी मला शहाण्याला काही कळलं नाही. सासूबाई म्हणाल्या, “आवो पाव्हणं, राब भाजलाय त्यानं. न्हाई भाजला तर भाताचं रोप कशात करायचं? त्यात रडायचं काय?” वर म्हणाल्या, “डोळ्यात धूर गेला आसंल.” रहस्यकथावाल्याला निदान कुठल्या विषानं माणूस मरतो एवढं तरी ठाऊक होतं, या थोर साहित्यिकाला भात कसा होतो तेही माहीत नव्हतं. कादंबरी भोरच्या वाचनालयात अजून आहे. पहिल्या पानावर चिकटवलेला अभिप्रायही आहे, माझ्याच अक्षरात, खाली माझ्या सहीसकट: ‘मातीची इतकी जाण असलेला लेखक विरळा.’