कळसूबाईच्या तिसऱ्या शिडीवर

जावयांनी रविवारी कळसूबाईला जायचं ठरवलं, तेव्हाच मी नको म्हणायला हवं होतं. मला उंचीची भीती वाटते. नगरच्या कोर्टात मी कारकून आहे. दुपारी बाकीच्या बायका गच्चीवर डबे उघडतात, तेव्हा मी जिन्याच्या दाराशीच बसते. पण मुलीच्या लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते आणि हा बेत विहीणबाईंसाठी होता. त्या पाथर्डीकडच्या. या देवीचं दर्शन घ्यायचं त्यांच्या फार दिवसांपासून मनात होतं. त्यांच्यापुढे मला कमी पडायचं नव्हतं.

त्याला कारणही होतं. विहीणबाई आणि त्यांचे यजमान कित्येक वर्षं ऊसतोडीला जात होते. त्यावरच त्यांनी मुलाला इंजिनिअर केलं. स्थळ आलं तेव्हा मी माझ्या बहिणीपाशी बोलून गेले होते, मोळ्या वाहणाऱ्यांच्या घरात माझी मुलगी राहील कशी? बहिणीच्या पोटात काही राहत नाही. ते वाक्य विहीणबाईंच्या कानावर गेलं होतं की नाही, मला कळत नव्हतं. त्यांनी कधी तसं दाखवलं नाही. तरी प्रत्येक भेटीत त्यांच्या साध्या बोलण्यातही मी ते चाचपत राहायचे.

बारी गावात गाडी लावून आम्ही चढायला लागलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. सुट्टीमुळे पुण्या-नाशिकची पोरं झुंडीनं आलेली. मुलगी आणि जावई पुढे निघून गेले. पहिल्या दोन लोखंडी शिड्या मी पायऱ्यांवर नजर खिळवून कशाबशा पार केल्या. विहीणबाई मागून येत होत्या, नऊवारीचा काष्टा घातलेल्या, धाप न लागता.

तिसऱ्या शिडीच्या मध्यावर भोवतालचे ढग अचानक विरले आणि डाव्या हाताला एकदम सगळं उघडं पडलं. खाली भाताची खाचरं, आणि लांबवर भंडारदऱ्याचं पाणी, पत्र्याच्या तुकड्यासारखं चमकणारं. वाऱ्यानं माझी ओढणी तोंडावर आली. ती बाजूला करायला मला हात सोडवेना. मग पायही उचलेना.

वरून दर्शन घेऊन उतरणारी माणसं माझ्यापाशी येऊन अडकली. खालून येणारी मागे साचली. वरचा एकजण चिडून म्हणाला की, जमत नाही तर येता कशाला. खालून कुणीतरी शिट्टी मारली. मागचे लोक पुढच्यांना रेटू लागले, तसा शिडीला हिसका बसला. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात माझ्या दोन्ही बाजूंनी दोन हात आले आणि त्यांनी कठडे धरले. विहीणबाई वर सरकून माझ्या पाठीला अगदी चिकटून उभ्या राहिल्या होत्या. आवाज न चढवता त्यांनी वरच्यांना जागेवर थांबायला सांगितलं आणि खालच्यांना एकेक करून मागे उतरवलं. का कोण जाणे, सगळ्यांनी ऐकलं.

मग माझ्या कानाशी म्हणाल्या, "विहीनबाई, डोळं मिटूनच ऱ्हावा. पाय मी ठेवते. तुमी निस्ता सैल सोडा."

"मला नाही जमणार," मी म्हटलं.

"जमतंय. मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढायचो आमी. मोळीला कुठं पाय असत्यात? तुमाला हायेत."

एक पायरी त्या उतरल्या, माझा एक पाय घोट्याला धरून खालच्या पायरीवर टेकवला, मग दुसरा. पुन्हा एक पायरी. त्यांचा तळवा खरखरीत आणि गरम होता. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. पायाखाली खडक लागला तेव्हा मी तिथेच बसले आणि रडले. शिडी मोकळी झाली. माणसं आमच्याकडे न बघता येऊ-जाऊ लागली.

मी त्यांना वर जाऊन यायला सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली, चप्पल काढली, शिखराच्या दिशेला तोंड करून डोकं टेकवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. जरा वेळानं सांगू लागल्या, एकदा त्या फळीवरून मोळीसकट पडल्या होत्या. मनगट मोडलं होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा फळीसमोर उभ्या राहिल्या तेव्हा पाय असेच धरले होते. मागून त्यांच्या सासूनं हात लावला म्हणून चढल्या.

मला राहवेना. मी म्हटलं, "लग्नाआधी मी तुमच्या घराबद्दल बोलले होते. चुकलं माझं."

त्या खडकावरचं शेवाळ नखानं खरवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "कळलं हुतं. लई लागलं हुतं मला. पन त्यापायी तुमच्या पोरीला कधी बोलले न्हाई."

पिशवीतली पाण्याची बाटली मी त्यांच्यापुढे धरली. त्या प्यायल्या आणि उरलेलं त्यांनी मला दिलं. तासाभरानं मुलगी आणि जावई हसत खाली आले, आणि तुम्ही वर का नाही आलात म्हणून विचारू लागले. मी तोंड उघडायच्या आत विहीणबाईंनी सांगून टाकलं, की आपले स्वतःचेच गुडघे धरले होते.