स्टेशनपासून घरापर्यंतचं ड्रायव्हिंग

माझा शेजारी अत्यंत जबाबदार माणूस आहे, असं तो स्वतःच सांगायचा. सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. दोघेही पुण्याचे, दोघेही सिटीत आयटीत. शुक्रवारी ऑफिस सुटलं की टीमबरोबर बिअर ठरलेली. "पिऊन गाडी चालवणारे लोक मला कळतच नाहीत," तिसरा ग्लास उचलत तो म्हणायचा. "म्हणून तर मी ट्रेनने येतो."

ट्रेनने यायचा हे खरं. पण ट्रेन आमच्या दारापर्यंत येत नाही. स्टेशनच्या कार पार्कमध्ये त्याची पांढरी एसयूव्ही उभी असायची, आणि तिथून घरापर्यंत जे करायचं त्याला तो ड्रायव्हिंग म्हणतच नसे. "हे काय, इथंच तर जायचंय." त्यामागे त्याचं शास्त्रही होतं. ट्रेनमध्ये डुलकी काढली की उतरते. वर समोसा खाल्ला की उरलेली शोषली जाते. मेन रोडवर पोलीस नळीत फुंकायला लावतात, म्हणून शाळेच्या मैदानामागचा रस्ता धरायचा. रिस्क मॅनेजमेंट हा त्याचा ऑफिसातलाही विषय होता. थोडक्यात, अख्खी सिडनी त्याच्यापासून सुरक्षित होती, धोका फक्त आमच्या गल्लीला. मी शेजारच्या सीटवर बसून मान डोलवायचो, कारण मलाही चालायचा कंटाळा.

त्या उन्हाळ्यात त्याची आई व्हिजिटर व्हिसावर आली होती. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या, कमी बोलणाऱ्या काकू. उन्हं कलली की आसपासच्या घरांतले असेच पाहुणे आलेले आईवडील मिळून फिरायला निघत, त्यात त्याही असायच्या. साडी, स्पोर्ट्स शूज आणि सुनेची कॅप.

एका शुक्रवारी आम्ही ट्रेनमधून उतरून गाडीपाशी आलो, तर काकू पुढच्या सीटवर बेल्ट लावून बसलेल्या.

"आई, तू इथे कशी?"

"चालत आले. दुसरी किल्ली घरातच होती. चल, बस."

तो बाहेरच उभा राहिला. खिशातून फोन काढला. "मी टॅक्सी बोलावतो."

"गाडी असताना टॅक्सी कशाला?"

"आज नको. थोडी घेतलीये. तू आहेस ना गाडीत."

"मग मागच्या शुक्रवारी कशी चालली?"

"मागच्या शुक्रवारी तू कुठे होतीस गाडीत?"

"गाडीत नव्हते," काकू म्हणाल्या. "गाडीपुढे होते."

त्या शुक्रवारी मी घरूनच काम करत होतो, त्यामुळे मलाही हे नवीन होतं. काकूंनी ते ट्रंककॉल जोडून द्यावा तितक्या शांतपणे सांगितलं. मैदानाच्या वळणावर ही फिरायला निघालेली मंडळी फुटपाथवरून चालली होती. एक गाडी वळणावर न वळता सरळ फुटपाथवर चढली आणि उतरून निघून गेली. जळगावच्या एका काकांनी काकूंना मागे ओढलं आणि ते स्वतः कुंपणावर पडले. कोपरापासून मनगटापर्यंत सोललं.

"सगळे विचारत होते, कोण हा बेवडा. मी नंबर वाचला होता. म्हटलं, कोण जाणे."

"मला वाटलं कचऱ्याच्या बिनला धक्का लागला," तो पुटपुटला.

"बिन तर बिन. उतरून बघायचंस."

तो तिथेच फरसबंदीच्या कडेवर खाली बसला. मागे एक ऑस्ट्रेलियन पार्किंगची जागा शोधत थांबला होता. त्याने काच खाली करून विचारलं, "लीव्हिंग, मेट?" मी म्हणालो, "नो." त्याने "नो वरीज" म्हणून गाडी पुढे काढली. माझ्या मनात येत होतं की मी त्या दिवशी गाडीत असतो तरी मला काकू दिसल्या असत्या, याची काही खात्री नाही.

आम्ही तिघं चालत निघालो. वाटेत काकूंनी त्याला जळगावच्या काकांच्या दारात उभं केलं. त्याने सगळं सांगितलं. काकांनी चहा दिला. शिव्या त्यांच्या सुनेने दिल्या, इंग्रजीत, आणि एकही राखून ठेवली नाही.

तेव्हापासून शुक्रवारी गाडी घरीच राहते. पण माणूस स्वभावाने मॅनेजर. काकू परत गेल्यावर त्याने मराठी मंडळाच्या दुपारच्या कार्यक्रमात 'लास्ट माइल सेफ्टी', म्हणजे स्टेशन ते घर या शेवटच्या टप्प्यातली सुरक्षितता, यावर प्रेझेंटेशन ठेवलं. आलेख होते, बाण होते, चालण्याचे हृदयाला होणारे फायदे होते. आई कुठेच नव्हती. टाळ्या पडल्या. मग कॅसल हिलच्या एका गृहस्थांनी हात वर केला.

"मेट्रोपासून आमचं घर म्हणजे हे इथंच. तेवढं तर चालतं ना?"

शेजाऱ्याने हातातला रिमोट टेबलावर ठेवला. स्क्रीनकडे पाठ करून त्याने मैदानाच्या वळणाची गोष्ट सांगितली, गाडीच्या नंबरासकट. या वेळी टाळ्या नव्हत्या. सेक्रेटरींनी घाईघाईने चहा तयार असल्याचं जाहीर केलं.

हॉलमध्ये मद्यपानाला सक्त मनाई असते, म्हणून आमची मंडळी डिकीपाशी उभी राहून पितात. त्या दिवशीही प्यायली. फक्त निघताना कॅसल हिलच्या गृहस्थांपुढे त्यांच्या बायकोने हात पसरला आणि त्यांनी मुकाट्याने किल्ली दिली. आरसे नीट करण्यावरून त्यांचं भांडण मात्र गाडी गेटबाहेर पडेपर्यंत ऐकू येत होतं.