सरजाबाईची रोडकडची खोली

सरजाबाईचं घर औशाच्या अलीकडं, रोडला लागून. दोनच खोल्या. मागच्या खोलीत ती आन् तिची धाकटी बहीण पंचफुला राहायच्या. रोडकडच्या खोलीत नवरा मेल्यापासनं नुसता कडबा. पंचफुलाच्या अंगावर चट्टे दिसले तसं नवऱ्यानं तिला हितं आणून घातलं, ते परत फिरला नाही.

कुणी विचारलं की सरजाबाई म्हणायची, "कोड हाय तिला. तुमच्या मनावर हाय त्येच्यापेक्षा कमीच."

कोड नव्हतं, महारोग होता, आन् समद्या गावाला ठाऊक होतं. पंचफुला चुलीपुढं बसली की बोट भाजल्याचा वास आधी यायचा, तिला कळायचं मागनं.

लातूर नवा जिल्हा झाला तशा सरकारी जीपगाड्या लई फिरायला लागल्या. एकीतनं दवाखान्याचा माणूस उतरला. आठवड्यातनं एक दिवस महारोग्यांना गोळ्या द्यायला रोडलगत खोली पाहिजे म्हणाला. गोळ्या चुकवल्या नाहीत तर राहिलेली बोटं राहतात, असंबी म्हणाला. सरजाबाईनं त्याच सांजेला कडबा बाहेर काढला आन् खोली सारवली.

सकाळी समोरचा किराणावाला वीरण्णा आला. सज्जन माणूस, आवाज कधी चढवायचा नाही.

"काकू, आमचा इरोध न्हाई. पुण्याचंच काम हाय. पर हितं नगं. पोरीबाळी जातेत ह्या रोडनं."

"मंग कुठं?"

"खालच्या वस्तीत करा म्हणावं."

"वस्तीतले सटवाजी येऊन गेले की. म्हणतेत, गावाला नगं ते समदं आमच्याच दारात कामून?"

"त्यांचंबी खरं हाय," म्हणून वीरण्णा उठला.

भांडण कुणीच केलं नाही. साल कोरडं होतं. टँकर आडात पाणी सोडायचा आन् आडावर घागरींची रांग लागायची. बाया घागर रांगेत ठेवून खडी फोडायला जायच्या. पुढची भरली की तिथं जी कुणी असंल तिनं मागच्या साऱ्या घागरी पुढं सरकवायच्या, मालकीण असो का नसो. त्या दिवसापासनं सरजाबाईची घागर कुणी सरकवेना. ती कामावरनं यायची तर घागर जागच्या जागी, आन् मागच्या घागरी तिला वळसा घालून पुढं गेलेल्या. तंवर आडात नुसता गाळ.

तिनं शेजारच्या धोंडाबाईला धरलं. "धोंडे, माजी घागर दिसली न्हाई व्हय?"

"दिसली की. पर हात कसा लावू? महारोग्याच्या घरची."

"काल लावत हुतीस."

"काल दवाखाना नव्हता."

मग सरजाबाईनं चुकीचं केलं. घागर सरकवायला पंचफुलालाच आडावर बसवलं. बायांनी आपापल्या घागरी उचलल्या आन् लांब उभ्या राहिल्या. पाणीच कुणी शेंदलं नाही. वरच्या आळीतनं वीरण्णाची बायको नीलम्मा आली आन् म्हणाली, "घरी जा माय. गाव तहानलंय."

त्या रात्री चूल पेटली नाही. पंचफुला म्हणाली, "अक्का, न्हाई म्हण त्यांना. गोळीवाचून जगतं माणूस."

जीप आली तव्हा सरजाबाई दारात आडवी उभी राहिली. "खोलीत कडबा हाय," म्हणाली. त्या माणसाला तिच्या खांद्यावरनं सारवलेली मोकळी भुई दिसत होती. तो जीपमधी जाऊन बसला. सांजेला धोंडाबाईनं घागर भरून आपल्या हातानं तिच्या डोक्यावर दिली, जशी कायम द्यायची.

गोळ्या लातूरला मिळायच्या. पंचफुला एसटीनं गेली एकदोनदा. पुढच्या खेपेला लोकांनी तिला औशालाच उतरवलं. ती उन्हात चालत घरी आली, ते पुन्हा गेली नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिला भाकर मोडता येईना. सरजाबाई कामावर जायच्या आधी भाकर कुस्करून, वरणात कालवून जर्मनच्या ताटात ठेवायची. पंचफुला दार लोटून घ्यायची आन् ताटाला तोंड लावून खायची.