देवाची खोली सोडून

माझ्या थोरल्या चुलत भावाने माझ्या मुलीला फसवलं. घर देतो म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं आणि दिलं नाही. पुढे जपान येईल, कुवेत येईल, एक म्हातारी बाई येईल, पण मूळ गोष्ट एवढीच आहे आणि ती आधीच सांगून टाकलेली बरी.

आमचं घर कोकणात, समुद्रापासून अर्ध्या तासावर. चिऱ्याचं, कौलारू, भक्कम. वर्षातून पाच दिवस, गणपतीत, उघडतं. एरवी कुलूप, आणि किल्ली शेजारणीकडे. वाडीतली बहुतेक घरं अशीच. दोन वर्षांपूर्वी गणपतीत सगळे भाऊबंद ओटीवर बसलेले असताना माझी मुलगी म्हणाली, "मला इथे येऊन राहायचंय." तिचा जन्म कुवेतचा, वाढली सालमियात, पुण्याला जाऊन आर्किटेक्ट झाली आणि परत येऊन मिरकाबमधल्या एका ऑफिसात मॉलच्या दुकानांच्या छतांची ड्रॉइंग काढत बसली. छतांचा तिला कंटाळा आला होता. लाकडाचं काम करायचं होतं, आणि तेही गावात राहून. माझा थोरला चुलत भाऊ तालुक्याला राहतो, पण घरातला शेवटचा शब्द त्याचा. तो हसून म्हणाला, "ये गो चेडवा, रव हयच. घर तरी उघडा ऱ्हवतला."

मुलीने कुवेतला येऊन राजीनामा दिला. महिन्याभराने ह्याचा फोन. "देवाचा घर आसा ता. भाडेकरू ठेवूक काय चाळ आसा? आणि उद्या तिचा लगीन झाला, घोव येवन बसलो तर भायर कोण काढतलो?"

मी फोन भिंतीवर मारला. फोन माझाच होता. मुलगी राजीनामा मागे घ्यायला गेली, तर तिच्या खुर्चीवर दुसरी बसलेली.

मी स्वतः ह्या देशात आलो तो सुतार म्हणून, करारावर. मिरकाबच्या एका खोलीत आठ जण झोपायचो. आज शुवैखला माझं वर्कशॉप आहे, चौदा माणसं हाताखाली आहेत, आणि मला घासाघीस कोणी शिकवली नाही, ती मी लाकडाच्या बाजारात उभं राहून शिकलो. इथे दुकानदार तीनदा 'आखिर कलाम' म्हणतो, म्हणजे हा माझा शेवटचा शब्द. मी चौथ्यांदा म्हणेपर्यंत हलत नाही. व्हिसा देणाऱ्या कफीलपासून कंटेनरवाल्यापर्यंत सगळ्यांशी मी भांडलोय, आणि सगळे अजून माझ्याशी धंदा करतात.

बाजारात मला एकाच माणसाने हरवलं. अहमदीच्या बाजूला कामाला असलेला एक जपानी इंजिनिअर वर्कशॉपात आला. जमिनीवर बसून जेवायचं बुटकं टेबल त्याला हवं होतं. मी साठ दिनार सांगितले, मनात चाळीस ठेवून. त्याने मान लववली आणि साठ दिनार काढून समोर ठेवले. असा अपमान माझा कधी झाला नव्हता. माणूस भाव करत नाही म्हणजे तो तुम्हाला बोलायच्या लायकीचा समजत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. रागाच्या भरात मी ते टेबल इतकं चांगलं करून दिलं, की चाळीसच काय, साठमध्येही मला परवडलं नाही.

टेबलाचे सांधे बघून तो पुन्हा आला, मग येतच राहिला. दर वेळी त्याच्या बॅगेत रंगीत पत्रकं असायची. डोंगर, भातशेती, पाटीवरची कसलीशी अक्षरं. त्याचं गाव. त्याच्या शाळेतल्या वर्गात अकरा मुलं होती म्हणे, आता शाळाच बंद. म्हणून गावच्या कार्यालयाने बाहेरच्या तरुणांना बोलवायला सुरुवात केली होती: तीन वर्षं पगार देऊ, राहायला घर बघून देऊ, या, गावात काहीतरी काम उभं करा, पटलं तर राहा. हा माणूस सुट्टीवर गेला की पत्रकांचा गठ्ठा आणायचा आणि कुवेतमध्ये जो तरुण दिसेल त्याच्या हातात ठेवायचा.

माझ्या एका सुताराने पत्रक उलटंपालटं करून विचारलं, "शेट, प्लॉट विकतोय काय हा?"

"नाही रे. राहायला बोलावतोय. पगार देऊन."

"मग नक्की काहीतरी गडबड असणार."

मलाही तसंच वाटत होतं. पण एक पत्रक मी घरी नेलं, आणि ते मुलीच्या हाती लागलं. तिने आधीपासून हौसेने जपानी शिकायला घेतलं होतं. लाकडाचं काम, गाव आणि घर, तिन्ही गोष्टी एकाच कागदावर. तिने अर्ज केला. व्हिडिओवर दोन मुलाखती झाल्या आणि तिची निवड झाली. आईने साखर वाटली. आठ दिवसांनी गावच्या कार्यालयाचा निरोप आला: घर मिळत नाहीये. घर मिळाल्याशिवाय बोलावता येणार नाही.

मी इंजिनिअर साहेबाला वर्कशॉपातच धरलं. "तुम्हीच म्हणालात ना, निम्मं गाव रिकामं? मग घर नाही म्हणजे काय?"

"घरं आहेत. मालक देत नाहीत."

"का?"

त्याला सांगायची लाज वाटत होती. शेवटी म्हणाला, "प्रत्येक घरात पूर्वजांचं देवघर असतं. मालक शहरात राहतात, पण ऑगस्टमध्ये चार दिवस येतात. पूर्वज त्या दिवसांत घरी येतात असं आम्ही मानतो. परक्या माणसाला घर दिलं तर ते कुठे येणार?"

मी हसत सुटलो. कामगार रंधे थांबवून बघायला लागले. साहेब पार गोंधळला. त्याला वाटलं मी त्याच्या धर्माला हसतोय. मग मी त्याला खाली बसवलं, चहा मागवला आणि आमच्या गणपतीचं सांगितलं. पाच दिवस, कुलूप, शेजारणीकडची किल्ली, ओटीवरचा शब्द आणि फोनवरचा शब्द, सगळं. तो ऐकत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "म्हणजे तुमच्या मुलीला दोनदा त्याच कारणाने नाही म्हटलंय."

हे मला सुचलं नव्हतं. त्याने म्हटल्यावर डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, एकदा भावापुढे हरलो ते पुरे. आता पोरीला घर मिळवून देईन.

माझ्याजवळ एक गोष्ट होती जी त्या गावच्या कार्यालयाजवळ नव्हती. मी स्वतः अशा घराचा मालक आहे. माझा हिस्सा आहे त्यात. असा मालक देवाचं नाव घेतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं ते मला माहीत आहे. देव असतोच, पण त्याच्यामागे दोन भीती असतात. आलेला माणूस उठायचा नाही ही एक. आणि नातेवाईक म्हणतील, ह्याने वाडवडील विकले, ही दुसरी. ह्या दोन भीतींना उत्तर दिलं की घर निम्मं उघडलं.

मी, मुलगी आणि साहेब, तिघांनी बसून एक पानाचा कागद केला. घर भाड्याने, देवाची खोली सोडून. त्या खोलीला कुलूप, किल्ली मालकाकडेच. करार एक वर्षाचा, मालकाने हो म्हटलं तरच पुढे. ऑगस्टचे चार दिवस घर मालकाचं. भाडेकरूने आधी सगळं झाडून-पुसून ठेवायचं आणि शेजारी जाऊन राहायचं. आणि हे सगळं गावच्या कार्यालयाच्या शिक्क्याने, म्हणजे नातेवाईक बोलले तर मालकाने कागद दाखवायचा: गावाने मागितलं म्हणून दिलं. ही शेवटची ओळ माझी. मला तिचा अजून अभिमान आहे.

गावच्या कार्यालयाने एका बंद घराची मालकीण बोलायला तयार केली: एक म्हातारी बाई, ऐंशीच्या पुढची, शहरात मुलाकडे राहणारी. शुक्रवारी सकाळी, आमच्याकडे नाश्त्याची वेळ आणि त्यांच्याकडे दुपार, सालमियाच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. पडद्यावर ती बाई, बाजूला तिचा मुलगा, घड्याळाकडे बघणारा. साहेब माझ्याशेजारी, दुभाषी म्हणून, आणि पलीकडे मुलगी. बायको पोहे घेऊन उभी.

साहेबाने कागद वाचून दाखवला. बाई काहीतरी म्हणाली. साहेबाचा चेहरा पडला.

"ती म्हणते, विचार करते. आमच्याकडे विचार करते म्हणजे नाही."

"आमच्याकडे विचार करते म्हणजे पुढे बोला," मी म्हटलं. "तिला विचारा, घर बंद ठेवून तुम्हाला काय मिळतं? वाळवी?"

बायकोने मागून कोपराने ढोसलं. "अहो, हळू. म्हातारी बाई आहे ती, गिऱ्हाईक नाही."

साहेबाने माझं वाक्य सांगितलंच नाही, हे मुलीने मला नंतर सांगितलं. त्याने म्हणे विचारलं, की घराची तुम्हाला आठवण येते का.  बाईने उलट एक प्रश्न विचारला.

"ती विचारते, सकाळचा भात कोण ठेवणार?"

"कुठला भात?"

साहेबाने समजावलं. रोज सकाळी शिजवलेल्या भातातली पहिली मूद देवघरात, पूर्वजांपुढे ठेवायची, आणि पाणी. लग्न होऊन आल्यापासून ते तिने कधी चुकवलं नव्हतं. घर बंद झाल्यावर ते राहिलं. तिला तेवढंच लागून राहिलं होतं.

मी लगेच हिशोब केला. हे जास्तीचं काम. रोजचं. ह्याच्या बदल्यात भाडं खाली यायला हवं. मी तोंड उघडलं, आणि माझ्या आधी मुलगी जपानीत दोन शब्द बोलून मोकळी झाली.

"काय दिलंस?" मी ओरडलो. "मला न विचारता काय दिलंस?"

"भात, बाबा. मी ठेवीन म्हटलं."

"आणि बदल्यात?"

"काही नाही. प्लीज, शांत बसा."

बाईने तोंडावर हात ठेवला होता. मग ती मुलाशी बराच वेळ बोलली. मुलाचं घड्याळ बघणं थांबलं. शेवटी साहेब म्हणाला, "ती म्हणते, कागदातली कुलपाची ओळ काढून टाका. खोलीला कुलूप नको. भात ठेवायला आत जावं लागेल ना."

 मग बाई अजून एक वाक्य बोलली आणि साहेबाने ते सांगितलं. "घराची किल्ली शेजारणीकडे आहे. सकाळी ती शेतात असते, दुपारी जायचं."

इतकी वर्षं मी भाव केले. मागितलेलं मिळवलं, कधी न मागितलेलंही उकळलं. पण समोरच्याने आपणहून कागदातली आपल्याच फायद्याची ओळ खोडायला सांगितली, असं माझ्याबाबतीत कधी झालं नाही. ते माझ्या पोरीने करून दाखवलं, दोन शब्दांत.

ती आता तिथे आहे. घराच्या पडवीत तिने सुतारकामाचं बाकडं मांडलंय. शेजारपाजारच्यांची दारं-खिडक्या दुरुस्त करते आणि मला फोटो पाठवून विचारते, बाबा, हा सांधा बरोबर आहे का. बहुतेक वेळा बरोबर असतो. चुकलेला असला तर मी ओरडतो, ती फोन लांब धरते. गेल्या ऑगस्टमध्ये ती शेजारणीकडे राहायला निघाली, तर म्हातारीने जाऊ दिलं नाही. त्या कागदावर गावात अजून दोन घरं उघडलीत. साहेब सुट्टीवरून नवीन पत्रक घेऊन आला, त्यावर माझ्या मुलीचा फोटो आहे, गमबूट घातलेला, हातात रंधा. तो मी वर्कशॉपात काचेखाली लावलाय. गिऱ्हाईक भावाचं बोलायला आला की आधी त्याला तो बघावा लागतो. पत्रकं आता मीही वाटतो. सालमियात, मराठी कार्यक्रमात, दवाखान्यातल्या आपल्या नर्स मुलींना. जा म्हणतो. तिथे तुमची वाट बघतायत, आणि माणसं शब्दाची आहेत.

त्याच नर्स मुलींतली एक मला म्हणाली, "काका, जपान लांब पडतं. तुमच्या गावात नाही का असं काही? आम्ही दोघं यायला तयार आहोत." तिचा नवरा टेक्निशियन. दोघांचा करार संपत आलाय. मी तिचा नंबर लिहून घेतला. 

घरी येऊन मी तो कागद मराठीत केला आणि चुलत भावाला, दादाला, पाठवला. तोच कागद, त्याच अटी, फक्त ऑगस्टच्या चार दिवसांऐवजी गणपतीचे पाच. त्याचं उत्तर आलं, "बघूया मा रे, घाई कसली तुका?"

दादा, मला 'बघूया' नको. ह्या गणपतीला मी येतोय आणि त्या जोडप्याला बरोबर आणतोय. आरती झाली की सगळे भाऊबंद ओटीवर बसतील, तू नेहमीच्या जागी बसशील, आणि मी कागद तुझ्यापुढे ठेवीन. तुझी कुलपाची ओळ त्यात तशीच आहे, देवाची खोली तुझीच. पण माझी मुलगी ह्याच ओटीवर तुझ्या शब्दावर विश्वासली होती. ज्या बाईने आम्हाला कधी पाहिलं नव्हतं तिने देवाची खोली उघडली, आणि तू पुढचं दारसुद्धा उघडलं नाहीस. का उघडलं नाहीस, ते देवासमोर, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांग.