सोळावा सामना

आमचा संघ वरच्या विभागात गेला तेव्हा मी त्या खुर्चीवर नव्हते. पंधरा सामने मी खेळवले, सोळावा दुसऱ्यानं खेळवला, आणि पेढे त्यानं वाटले. एवढ्याशा गोष्टीचा राग इतकी वर्षं कोण धरतं, असं कोणी विचारलं की मला त्याचाही राग येतो.

आम्ही भद्रावतीचे. दोन हजार सालानंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील. अब्बांचं बाजाराच्या गल्लीत टेलरिंगचं दुकान होतं. गावातल्या क्रिकेट क्लबच्या पांढऱ्या पॅन्टी तेच शिवायचे. हिवाळ्यात माजरीला, कोळसा कॉलनीच्या मैदानावर टूर्नामेंट भरायची, तेव्हा क्लबचं स्कोअरबुकही तेच लिहायचे. क्लबच्या खोलीत भिंतीभर ग्रुपफोटो होते. त्यांतल्या एकातही अब्बा नाहीत, त्यांनी शिवलेल्या पॅन्टी मात्र प्रत्येकात आहेत. स्कोअर कसा लिहायचा हे मी दुकानातल्या बाकावर बसून, रेडिओवरची कॉमेंट्री ऐकत, त्यांच्याकडून शिकले. नववीत होते तेव्हापासून माझं स्कोअरबुक त्यांच्याइतकं स्वच्छ असायचं. पण मैदानावर त्यांनी मला कधी नेलं नाही. "तिथी सारे पोट्टेच असतेत, बेटा," म्हणायचे. विषय संपायचा.

बारावीनंतर मी गावातल्या कॉम्प्युटर क्लासला लागले, आधी शिकायला आणि मग शिकवायला. क्लास चालवणारे सर क्लबचे कॅप्टनही होते. माणूस वाईट नव्हता, हेही लिहून टाकते. हसतमुख होता, सगळ्यांना नावानं हाक मारायचा. जगातली प्रत्येक वस्तू आपलीच आहे असं धरून चालायचा, एवढंच.

मे महिन्यात दुपारी एक ते चार एकही बॅच नसायची. भद्रावतीच्या उन्हात त्या वेळी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. सर घरी झोपायला जायचे आणि मी चार मशीन राखत कूलरसमोर बसायचे. त्याच दिवसांत सरांच्या एका मित्रानं पुण्याहून एका खेळाची सीडी आणली. त्यात बॅट-बॉल हातात घ्यायचा नव्हता. इंग्लंडमधला एक काउंटी संघ घ्यायचा आणि त्याचा पूर्ण हंगाम, एप्रिल ते सप्टेंबर, आपण चालवायचा. अकरा जण कोण, फलंदाजीचा क्रम काय, कोणत्या टोकाकडून कोण गोलंदाजी करेल, कुणाला मारायला सांगायचं आणि कुणाला नुसतं उभं राहायला, हे सगळं आपण ठरवायचं. मग पडद्यावर एकेक षटकाचा स्कोअर उमटत जायचा. चित्रं जवळपास नव्हतीच, नुसते आकडे. क्लबच्या पोरांनी दोन दिवस पाहिलं आणि सोडून दिलं. "याच्यात काय मजा आहे बाप्पा, हे तर पटवाऱ्याचं काम," असं त्यांच्यातला एक म्हणाला.

मला तर तो पडदा म्हणजे अब्बांचं स्कोअरबुकच वाटला. फक्त त्यात पुढचं पान मला लिहिता येत होतं.

मी दुसऱ्या विभागातला, आदल्या वर्षी शेवटून पहिला आलेला संघ घेतला. नऊ संघ, प्रत्येकाचे सोळा सामने, पहिले तीन वरच्या विभागात जाणार. सरांना विचारलं तेव्हा ते हसले. "खेळा ना मॅडम. दुपारी तशाही बसूनच राहता."

पहिले तीन सामने हरले. बाहेर सत्तेचाळीस डिग्री आणि आत पडद्यावर 'पावसामुळे खेळ थांबला' असं यायचं. मला ते खरंच वाटायचं नाही. एप्रिलच्या ओल्या खेळपट्टीवर मी तीन फिरकीवाले खेळवत होते, कारण मला खेळपट्टी म्हटलं की माजरीचंच मैदान दिसायचं, कोळशाच्या धुळीनं काळं पडलेलं आणि भेगाळलेलं. संध्याकाळी दुकानात अब्बांना सांगितलं तर त्यांनी मशीन थांबवलं.

"तिकडं या दिवसांत थंडी असते बेटा. बॉल हवेत फिरते. तुले जलदवाले पायजे."

"मग त्या म्हाताऱ्याचं काय करू?" आमच्या संघात सदतीस वर्षांचा एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता.

"त्याले बसव. पण सोडू नको. ऊन पडलं का काढ."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच सुरू झालं. मी एका जुन्या स्कोअरबुकात दुपारचा सामना उतरवून न्यायचे आणि अब्बा पॅन्टीला काजं करत करत तो वाचायचे. इंग्लंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, नागपूरच्या पुढंही ते फार गेले नव्हते. पण पंचवीस वर्षं कानानं पाहिलेलं क्रिकेट त्यांच्या डोक्यात होतं. सलामीचा एक फलंदाज सारखा पंधरा-वीसवर बाद होत होता. त्याला पाचव्या क्रमांकावर ढकल, हे त्यांचंच. त्यानं पुढच्याच सामन्यात शतक केलं तेव्हा अब्बांनी अम्मीला हाक मारून सांगितलं, जणू घरातला मुलगा पास झाला. अम्मीनं विचारलं, "कोण आहे हा?" अब्बा म्हणाले, "आपला पाच नंबर."

लाइट जायची. यूपीएस किंचाळायला लागला की सेव्ह करायला मला मिनिटभर मिळायचं. दोनदा आख्खा दिवस वाहून गेला आणि मी तो पुन्हा खेळवला. जुलैत बॅचेस वाढल्या, दुपारचा तासच उरला. तरी ऑगस्टच्या शेवटापर्यंत मी पंधरा सामने संपवले. आम्ही तिसरे होतो. चौथ्या संघाशी शेवटचा सामना होता आणि तो नुसता अनिर्णित राहिला तरी आम्ही वर जाणार होतो.

एव्हाना क्लबची पोरं माझ्या खुर्चीमागे उभी राहू लागली होती. पटवाऱ्याचं काम म्हणणारा तर रोज यायचा. सर येऊन म्हणायचे, "आपण कितव्या नंबरवर?" ते 'आपण' मला तेव्हा खटकलं नाही, उलट बरं वाटलं. याचाही राग आता स्वतःवर येतो.

सोळाव्या सामन्याला अब्बा येणार होते. मी चार दिवस मागे लागले होते. क्लासची पायरी ते कधी चढले नव्हते. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की येतो म्हणाले. गुरुवारी दुपारी मी संघ लावून ठेवला. म्हातारा परत आत, सप्टेंबरची कोरडी खेळपट्टी, नाणेफेक जिंकली तर आधी फलंदाजी. सेव्ह केलं आणि घरी गेले.

शुक्रवारी अब्बा इस्त्रीचा कुर्ता घालून आले. चप्पल बाहेर काढत होते तेवढ्यात सरांनी पेढ्याचा बॉक्स पुढे केला.

"या चाचा, तोंड गोड करा. आपण वर गेलो!"

मला कळलंच नाही. मी खुर्चीकडे पाहिलं.

"काल संध्याकाळी मेहुणे आले होते नागपूरचे," सर म्हणाले. "त्यांले म्हटलं, चला, दाखवतो. लावलीच होती टीम, म्हणून खेळवून टाकली. डावानं जिंकलो न राजा! त्या बुढ्यानं नऊ विकेट घेतल्या. मेहुणे तर पाहतच राह्यले."

"सर, तो सामना माझा होता."

"अवो, एकच तर होता. अन् जिंकलोच ना?"

"हरले असते तरी माझा होता."

मागे पाच-सहा मुलं टाइप करत होती, ती थांबली. सरांचं हसू गेलं नाही, पण थोडं कडक झालं. "मॅडम, गेम आहे हा. कॉम्प्युटर कोणाचा आहे, सीडी कोणाची आहे?"

मी अब्बांकडे पाहिलं. मला वाटलं आता ते बोलतील. त्यांना ठाऊक होतं. पाच नंबर त्यांचा होता, म्हातारा त्यांचा होता. अब्बांनी पेढा घेतला, कपाळाशी हात नेऊन आदाब केला आणि म्हणाले, "मुबारक हो सर. बहोत अच्छी कामयाबी."

मी क्लासमधून निघाले ती परत गेले नाही.

घरी आल्यावर मी जे बोलले ते आज लिहायला लाज वाटते. मी ओरडले की तुम्ही आयुष्यभर त्यांच्या पॅन्टीच शिवा. म्हटलं, तुमची मुलगी लुटली तरी तुम्ही मुबारक म्हणाल. अम्मी मधे पडली तर तिलाही बोलले. अब्बा बटणं लावत बसले होते. एवढंच म्हणाले, "तुह्या जागी मी असतो तर मलेही राग आला असता."

"मग माझ्या जागी का नाही उभे राह्यले?"

त्यांनी पुढचं बटण उचललं. पुढच्या आठवड्यात सर नव्या हंगामाच्या पॅन्टींचं कापड घेऊन दुकानात आले. मी आतल्या दारात उभी होते. वाटलं, आज तरी नाही म्हणतील. अब्बांनी गळ्यातला टेप काढून मापं घेतली, कमर, सीट, लांबी, आणि चहा मागवला. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. ताट वाढायचे, पाणी द्यायचे, पण शब्द नाही. तीनेक महिने तसेच गेले. मशीनच्या आवाजाचाही मला राग यायचा.

डिसेंबरात टूर्नामेंट आली. पहिल्या सामन्याच्या सकाळी अब्बा मला म्हणाले, "ओढणी नीट घे, माजरीला जायचं आहे." मी विचारलंच नाही काऊन. सायकलवर मागे बसले.

मैदानाच्या कडेला शामियाना होता आणि स्कोअररचं टेबल. सर पॅड बांधत होते. अब्बांनी स्कोअरबुक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सर, या सालपासून क्लबचं बुक ही पोरगी लिहीन."

"चाचा, मजाक करता का? हजार माणूस आहे इथी."

"मजाक नाई. ही लिहीन, नाई तं बुक घेऊन आम्ही दोघंही घरी जातो. तुम्ही दुसरा पाहून घ्या."

त्यांचा आवाज नेहमीचाच होता, कापडाचं माप सांगावं तसा. दुसरा कोणी नव्हताच. सर माझ्याकडे पाहून "बसा मग" म्हणाले. मी बसले. माझ्या मागे उभं राहून दोन तास पोरं काहीबाही बोलत होती. मी मान वर केली नाही. अब्बा टेबलापासून लांब, सायकलला टेकून उभे होते. पुस्तकात एकदाही डोकावले नाहीत.

उपांत्य सामन्यात कॉलनीच्या संघाविरुद्ध आम्हाला शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. आणि फलंदाजीला सर. चेंडू पॅडला लागून गेला. एक धाव सरळ झाली, दुसरीला सरांच्या टोकाला फेक आली. बेल्स उडाल्या आणि त्याच क्षणी लोक मैदानात घुसले. एका पंचाच्या समोर गर्दी आली, दुसरा लांब होता. कॉलनीवाले बाद म्हणत होते, आमचे जिंकलो म्हणत होते, आणि दोन्हीकडचे धावत टेबलाशी आले. पंच म्हणजे शाळेतले एक मास्तर. त्यांनी घाम पुसत मला विचारलं, "बाई, तुम्हाला दिसलं का? तुमचं टेबल सरळ रेषेत आहे."

मला दिसलं होतं. बॅट रेषेच्या आत होती, हातभर आत. मी फक्त "दिसलं नाही" म्हणाले असते तरी कॉलनीच्या त्या गर्दीपुढे मास्तरांनी सरांना बाद दिलं असतं. मला कोणी काही म्हटलं नसतं. खरं सांगते, तोंडापर्यंत आलं होतं. पेन्सिल इतकी दाबली गेली की टोक मोडलं.

"बॅट आत होती," मी म्हटलं, आणि मोडक्या टोकानं दोन लेग बाय लिहिले.

पोरांनी सरांना खांद्यावर घेतलं. खाली उतरल्यावर ते हेल्मेट काखेत घेऊन टेबलापाशी आले, तेच हसू घेऊन. "पाहा, म्हटलं नव्हतं? आखरीत आपलीच आहे ना ही!"

तेव्हा माझं डोकं जे फिरलं, तसं क्लासमध्येही फिरलं नव्हतं. चोरी एक वेळ समजते. पण मी इमानदारीनं लिहिलेलं त्यानं स्वतःच्या खात्यावर ओढून घेतलं.

मी उभी राहिले. "तुमची नाई. बॅट आत होती म्हणून आत लिहिलं. बाहेर असती तं बाहेर लिहिलं असतं, अन् लई खुशीनं लिहिलं असतं. तुम्ही बाद व्हावं असं मले मनापासून वाटत होतं. हे सगळ्यांच्या समोर सांगते."

मग कॉलनीचा हरलेला कॅप्टन, घामानं डबडबलेला, हसायला लागला, आणि मास्तर पंच म्हणाले, "फायनललाही याच लिहितील बरं का." सर मैदानाकडे निघून गेले. माझी माफी त्यांनी कधी मागितली नाही. पुढे क्लास बंद झाला, तरी लग्नाकार्यात भेटले की ते कोणालाही सांगायचे, "आम्ही एकदा कॉम्प्युटरवर काउंटी जिंकवली होती." मी शेजारी उभी असले तरी सांगायचे.

त्या दिवशी परत येताना माजरीचा फाटा आला. अब्बा सायकल चालवता चालवता मान न वळवता म्हणाले, "त्या दिवशी मी बोलायले पायजे होतं."

"हो," मी म्हटलं. तीन महिन्यांतला तो पहिला शब्द.

"सवय नाई बेटा. पेढा समोर आला का मुबारकच निघते तोंडातून."

समोरून कोळशाचा ट्रक आला, आम्ही उतरून कडेला उभे राहिलो. धूळ बसल्यावर त्यांनी रुमालानं आधी माझी सीट पुसली.

"गुस्सा उतरला?"

"नाई."

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण घरी अम्मीवर काढू नको. तिनं सकाळपासून बिर्याणी मांडली आहे."