मुंगी उगीच येत नाही

"नाव नंतर सांगा. आधी सांगा, गोड खाता का?"

शरयूताईंनी आम्हाला विचारलेला हा पहिला प्रश्न. नांदेडहून माझी पुण्याला बदली झाली होती. कायमची जागा मिळेपर्यंत महिनाभर राहायला मी वारज्यातला एक फ्लॅट ऑनलाइन ठरवला होता. सामानासकट तिसऱ्या मजल्यावर पोचलो, तर दारात सुती साडीतल्या, काटकुळ्या, पासष्टीच्या पुढच्या बाई उभ्या. हातात किल्ली, पण ती द्यायची काही चिन्हं नव्हती. मी हसून म्हटलं, "खातो की." त्यांनी सुस्कारा सोडला. "वाटलंच होतं. या, आधी स्वयंपाकघर बघा."

बायकोला, म्हणजे सुनंदाला, वाटलं की गॅस कसा पेटवायचा ते दाखवतील. ताईंनी दाखवलं ते वेगळंच. साखरेच्या डब्यात लवंगा होत्या. डाळींच्या डब्यांत कडुलिंबाचा वाळलेला पाला होता. खाऊच्या छोट्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे होते. जेवणं झाली की सिंकमध्ये कढत पाणी ओतायचं, मग सिंक कोरडं पुसायचं आणि जाळीवर झाकण ठेवायचं. ओटा तर दोनदा पुसायचा. पुण्याची घरमालकीण म्हटल्यावर मी भिंतीवर सूचनांच्या पाट्या शोधत होतो. एकही नव्हती. तसं म्हटल्यावर ताई म्हणाल्या, "मुंग्यांना वाचता येत नाही आणि माणसं वाचून विसरतात. म्हणून मी तोंडीच सांगते."

आम्ही अर्थातच विसरलो. ऑफिसात कुणीतरी दिलेला पेढ्यांचा बॉक्स मी ओट्यावर ठेवला आणि झोपलो. सकाळी बॉक्सपासून खिडकीपर्यंत काळी रांग. सुनंदाने फवारा शोधायला घेतला, तेवढ्यात समोरच्या दारातून ताई आल्या. त्या समोरच्याच फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या, आणि आमच्या दाराबाहेरून त्यांना आतलं कसं कळायचं हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या टॉर्च घेऊन रांगेच्या मागे मागे गेल्या. खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर त्यांनी पेढ्याचा एक तुकडा ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या. बऱ्याच वेळाने रांग हळूहळू बाहेर वळली. मग त्यांनी ओटा लिंबाच्या पाण्याने पुसला आणि खिडकीची फट मेणाने बुजवली. "मारायला काय लागतं हो," त्या म्हणाल्या. "मुंगी उगीच येत नाही. आपण बोलावलेली असते. आपणच बोलवायचं आणि आपणच मारायचं, हे बरं नाही दिसत."

झुरळांच्या बाबतीत मात्र हा शिष्टाचार नव्हता. बोरिक पावडर, कणीक आणि साखर एकत्र मळून त्या छोट्या गोळ्या करायच्या आणि कपाटांच्या मागे सारायच्या. तरीही एखादं दिसलंच तर पायातली चप्पल. एकदा त्या मुलाशी फोनवर बोलत होत्या. "हं, बोल केदार, ऐकतेय," असं म्हणता म्हणता डाव्या हाताने चप्पल काढली, सट्कन मारली, पुन्हा पायात घातली, आणि "तिकडे बर्फ किती पडलाय?" असं विचारलं. आवाजात तसूभरही फरक नाही. मी आणि सुनंदा हसून बेजार झालो.

महिन्याच्या शेवटी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्हाला जागा मिळाली, आणि पाहुणे होतो ते आम्ही शेजारी झालो. वरच्या फ्लॅटवर माणसं येत-जात राहिली. कुणी लग्नाला आलेलं, कुणी मुलीला कॉलेजात सोडायला, कुणी दवाखान्याच्या कामासाठी. प्रत्येकाला तोच पहिला प्रश्न. एका पाहुण्याने जाताना ऑनलाइन अभिप्राय लिहिला की घर अतिशय स्वच्छ आहे, परंतु मालकीणबाई सारख्या सिंकखाली वाकून बघतात. ताईंनी तो मला वाचायला लावला. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "यात तक्रार काय आहे?"

मला तोवर वाटत होतं की हा स्वभाव आहे. एकट्या माणसाला काहीतरी खूळ लागतंच. मग एका दुपारी चहाला बोलावून त्यांनी स्वतःच सांगितलं.

तो फ्लॅट त्यांनी केदारसाठी घेतला होता. केदार कॅनडात. लग्न झालं, मुलगी झाली, आणि दीड वर्षाच्या ईराला घेऊन तो आणि सारिका पहिल्यांदा इथे राहायला आले. बाटलीतलं दूध झोपेत चादरीवर सांडलं आणि पहाटे लाल मुंग्यांनी पोरीचा गाल, डोळा, मान, सगळं फोडून काढलं. डोळा उघडेना इतकी सूज. दवाखाना झाला, पोर बरी झाली, पण दुपारी ते तिघं हॉटेलात गेले. पुढे जेव्हा जेव्हा आले, तेव्हा हॉटेलातच उतरले. सकाळी यायचे, जेवायचे, संध्याकाळी टॅक्सी बोलवायचे.

"सारिका काही वावगं बोलली नाही हो," ताई कपाकडे बघत म्हणाल्या. "एवढंच म्हणाली, आई, इथे नको. तिच्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं. हॉटेलात मुंग्या नसतात, कारण तिथे कुणी स्वयंपाक करत नाही." मग म्हणाल्या, "नातीचा टूथब्रश माझ्या घरच्या बेसिनवर मी कधी बघितला नाही, काळे. येऊन जेवून गेली, ती पाहुणी. ब्रश ठेवला तर ती राहायला आली म्हणायचं."

"मग फ्लॅट पाहुण्यांना कशाला देता?" मी विचारलं.

"अहो, रिकाम्या घरात मुंग्या येतच नाहीत. माणसं राहिली, सांडलं-लवंडलं, तरच कळतं ना कुठे फट राहिलीय ते."

इतकी वर्षं येणारी-जाणारी ती सगळी माणसं, आम्ही धरून, एका मुलीच्या एका मुक्कामाची रंगीत तालीम करून गेली होती. जिना उतरताना मला फार वाईट वाटलं. आपल्या पेढ्यांच्या बॉक्समुळे खिडकीची फट तरी सापडली, एवढंच समाधान.

भावुकपणा मात्र त्यांना खपायचा नाही. इमारतीतले एक आजोबा वारले. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे, जिथे प्राण गेला त्या जागी जमिनीवर पीठ पसरून वर दिवा ठेवला आणि टोपलीने झाकला. तिसऱ्या दिवशी टोपली उचलून पिठात कुणाची पावलं उमटलीत ते बघायचं. जे पाऊल दिसेल, त्या जन्माला माणूस गेला असं समजायचं. पिठात बारीक रेघा निघाल्या आणि घरच्यांनी हात जोडले. परत येताना जिन्यात ताई मला हळूच म्हणाल्या, "तीन दिवस कणीक उघडी टाकल्यावर मुंग्या येतील नाहीतर काय आजोबा येतील?" मी हसू दाबत खाली पळालो.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. लिफ्टमध्ये भेटल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "राहायला येतायत." कोण, हे विचारायची गरज नव्हती. केदारचा फोन आला होता. या वेळी आपल्याच फ्लॅटवर राहू, ईराच म्हणते आहे, आता मोठी झाली ती. ताईंचा चेहरा नेहमीसारखाच कोरडा होता, पण लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली तशा त्याही उतरल्या. माझ्याबरोबर आमच्या दारापर्यंत आल्या, आणि तिथे त्यांना आठवलं की त्या वर चालल्या होत्या.

त्यांनी पाहुणे घेणं बंद केलं. गाद्या उन्हात पडल्या. कपाटं भिंतीपासून सरकली, मागचं सगळं घासून निघालं. सुनंदा मदतीला जायची आणि दमून परत यायची. "सत्तरीच्या पुढे गेल्यात, पण ऐकत नाहीत गं बाई," हे ती मलाच सांगायची. शेवटी एकच जागा उरली. ओट्याखाली गॅसची नळी भिंतीत शिरते तिथली फट. मेण तिथे टिकत नव्हतं. "काळे, येताना व्हाइट सिमेंट आणाल का थोडं?" मी ऑफिसातून येताना हार्डवेअरच्या दुकानातून पुडी आणली आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांच्या हातात दिली. "गवंड्याला बोलावू का?" असं मी विचारलं. "बोटाएवढ्या भोकाला गवंडी?" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

दुपारी सुनंदा डबा घेऊन गेली. फ्लॅटचं दार नुसतं लोटलेलं होतं. ताई ओट्याला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. शेजारी वाटीत कालवलेलं सिमेंट, त्यात चमचा तसाच उभा. डोळे मिटलेले. सुनंदाला वाटलं, दमून टेकल्यात. तिने हाक मारली, मग खांद्याला हात लावला, आणि तिची किंकाळी मला दुसऱ्या मजल्यावर ऐकू आली. डॉक्टर आले. हृदय थांबलं म्हणाले, फार त्रास झाला नसावा म्हणाले. फट तशीच होती.

केदार, सारिका आणि ईरा मिळेल त्या विमानाने आले. ते येईपर्यंत आम्ही थांबलो होतो. स्मशानातून परतल्यावर जिन्यात मी अवघडून विचारलं, "तुमची राहायची व्यवस्था... हॉटेल वगैरे बघू का?" सारिका म्हणाली, "नाही काका. आईंनी घर लावून ठेवलंय. इथेच राहणार."

साताऱ्याहून ताईंची धाकटी बहीण आली होती, मालूमावशी. तिने रीतीप्रमाणे ओट्याखाली, त्या जागेवर, पीठ पसरलं, दिवा लावला आणि टोपली झाकली. ताई काय म्हणाल्या असत्या ते मला ठाऊक होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. बहिणीला एवढं करू द्यायलाच हवं.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन आलो. मी हात धुवायला बेसिनपाशी गेलो, तर काचेच्या पेल्यात तीन टूथब्रश उभे होते. दोन मोठे, एक लहान, त्याच्या दांड्यावर निळा मासा. मी नळ सोडून कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो. मला रडू आवरेना. हे बघायला त्या हव्या होत्या. बाकी काही नको होतं त्यांना.

स्वयंपाकघरात सगळे जमले. मावशीने टोपली उचलली. गॅसच्या नळीच्या फटीतून एक काळी रांग निघाली होती ती थेट पिठात. पिठावर बारीक, नाजूक रेघाच रेघा. प्रत्येक मुंगी एक कण उचलत होती आणि परत वळत होती. मावशीने हात जोडले, "अक्का गं," म्हणून ती खालीच बसली. माझ्या कानात मात्र जिन्यातलं ते वाक्य वाजत होतं. कणीक उघडी टाकल्यावर मुंग्या येणारच. मी अजूनही तेच मानतो. तरी त्या क्षणी तिथे कुणी फडका फिरवला असता, तर मी त्याचा हात धरला असता.

ईराने आईकडे बघितलं. तिला आठवत नसणार, पण सारिकाला आठवत होतं. तिचा हात सवयीने ओट्यावरच्या फडक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. "राहू दे," ती म्हणाली. "कुणी पुसू नका."

दिवसकार्य झाल्यावर निघायच्या सकाळी मी किल्ली घ्यायला वर गेलो. केदार बॅगा उतरवत होता. वाटीत वाळून दगड झालेलं सिमेंट दाखवून त्याने विचारलं, "काका, ती फट तुम्ही कुणाकडून तरी बुजवून घ्याल का?" मी हो म्हणणार होतो, पण आतून सारिकाचा "नको" आला.

ती स्वयंपाकघर आवरत होती. सासूने प्रत्येक पाहुण्याला शिकवलं होतं तसंच सगळं. सिंकमध्ये कढत पाणी, मग कोरडा फडका, जाळीवर झाकण. ओटा दोनदा पुसला. कपाटाखालच्या वाट्यांतलं पाणी बदललं. मग तिने साखरेचा डबा उघडला, लवंगा बाजूला सारून चिमूटभर साखर घेतली आणि खाली बसून त्या फटीच्या तोंडाशी ठेवली.

"बोलावल्याशिवाय येत नाहीत ना, काका," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आणि आम्ही... आम्हाला तर आई दरवर्षी बोलवायच्या."

मी किल्ली घेतली. फ्लॅट आता बंद असतो. दर रविवारी मी खिडक्या उघडायला वर जातो आणि जाताना घरून चिमूटभर साखर नेतो.