पाच नंबरच्या मशीनची चूक

सोनूबाईंची सतरा पानं गेली त्या रविवारी रतन अवसरमोल अभ्यासिकेत जरा उशिराच पोचला. पाच नंबरच्या कॉम्प्युटरसमोर मालनताई खरात हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि अभ्यासिकेचा सेक्रेटरी चैतन्य त्यांना उभ्या उभ्या समजावत होता, की सेव्ह करायचं विसरू नका हे मागेही बोललो होतो आपण. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं माना खाली घालून सगळं ऐकत होती. मालनताई म्हणत होत्या, सेव्ह केलं होतं. फाइल दिसत होती, फक्त उघडत नव्हती.

"ताई, वय होतं माणसाचं," चैतन्य म्हणाला. "कुणी दोष देत नाहीये तुम्हाला."

मालनताईंनी चष्मा डबीत ठेवला, पिशवी उचलली आणि त्या निघून गेल्या. पुढच्या रविवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

विक्रोळीतल्या त्या बुद्धविहाराच्या तळमजल्यावर अभ्यासिका होती, आणि तिथले आठही कॉम्प्युटर एका कंपनीने वापरून झाल्यावर दान केलेले. ते चालते ठेवायचं काम रतनचं, बिनपगारी. तो मूळचा जालन्याकडचा. वीस वर्षं विक्रोळीतल्याच एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. कारखाना बंद पडला तेव्हा चाळिशी उलटलेली. मग घाटकोपरच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये अटेंडंट म्हणून लागला आणि बघून बघून, विचारून विचारून कॉम्प्युटर शिकला. अभ्यासिकेच्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स त्यानेच टाकलं होतं, कारण ते फुकट होतं आणि जुन्या मशीनवर बरं चालायचं. त्यामुळे मशीन अडकलं की कमिटीचं बोट आधी लिनक्सकडे जायचं आणि मग रतनकडे.

मालनताई महापालिकेच्या दवाखान्यात क्लार्क होत्या, रिटायर झालेल्या. मराठी टायपिंगचा त्यांचा हात असा, की बघणाऱ्याने बघत राहावं. बाहत्तरच्या दुष्काळात गाव सोडून इथे आलेल्या बायांच्या आठवणी त्या लिहून घेत होत्या. सोनूबाईंसारखी एखादी म्हातारी बाई शेजारी बसून बोलायची आणि ताई नेहमीच्या पाच नंबरवर थेट टाइप करायच्या. त्याचं पुस्तक करायचं ठरलं होतं. पण वर्षभरात तीन फाइली गेल्या होत्या, आणि ज्या राहिल्या त्यांत विचित्र चुका सापडत होत्या. रतन महिन्यातून एकदा सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचा. सोनूबाईंची पानं नेमकी त्या मधल्या दिवसांतली. हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं.

ताई येईनात तेव्हा त्याने उरलेल्या फाइली वाचायला घेतल्या. 'रमा'चं 'रबा' झालं होतं. 'माय'चं 'बाय'. एके ठिकाणी 'गाव' होतं तिथे 'काव'. 'म'चा 'ब' तर सात ठिकाणी. त्याने कीबोर्ड पुढे ओढला. 'म' खालच्या ओळीत डाव्या हाताला, 'ब' वरच्या ओळीत मध्ये. बोट घसरून ही चूक व्हायची नाही. आणि ज्या बाईने तीस वर्षं केसपेपर टाइप केले ती 'माय'ला 'बाय' कशाला लिहील? त्याला रॅमचा, म्हणजे काम चालू असताना मशीन सगळं ज्या पट्टीत तात्पुरतं ठेवतं तिचा संशय आला. ताईंनी अक्षर बरोबर दिलं असेल, मशीनने ते ठेवताना बदललं असेल.

रॅम तपासायचा एक प्रोग्राम असतो हे त्याला कॉलेजमुळे माहीत होतं. मशीन चालू होताना, लिनक्स सुरू व्हायच्या आधी एक मेनू येतो, त्यात तो घालून ठेवायचा. दहा मिनिटांचं काम, असं त्याला वाटलं.

पहिल्या रविवारी त्याने पाच नंबरवर प्रोग्राम टाकला आणि मशीन परत चालू केलं. मेनू आलाच नाही, सरळ लिनक्स उघडलं. मेनू मुळात लपवलेला असतो हे कळायला अर्धा तास गेला. सेटिंगच्या फाइलमध्ये त्याने मेनू पाच सेकंद दाखवायला सांगितलं. तरी नाही. फाइल बदलून भागत नाही, मेनू नव्याने तयार करायची कमांड द्यावी लागते, आणि ती द्यायची तो विसरला होता. ती दिली, मेनू आला. त्यात लिनक्स होतं, रॅमची तपासणी नव्हती.

पुढचे दोन तास तो इंटरनेटवरचे एकेक फोरम वाचत बसला. शेवटी उलगडलं ते असं, की मशीन नव्या पद्धतीने सुरू होणारं होतं आणि त्याच्याकडच्या लिनक्ससोबत आलेला प्रोग्राम फक्त जुन्या पद्धतीच्या मशीनवर चालणारा. कुठे चूक झाली म्हणून सांगणारी एक ओळसुद्धा नाही. गुपचूप मेनूतून वगळून मोकळं.

दुसऱ्या रविवारी त्याने नवी आवृत्ती उतरवली आणि मेनूतली नोंद हाताने लिहिली. एक कंस राहिला म्हणून पुन्हा लिहिली. आता नाव दिसलं. एंटर दाबलं तर मशीन म्हणालं, या प्रोग्रामवर ओळखीची सही नाही, सुरू करता येणार नाही. ते सहीचं कुलूप मशीनच्या आतल्या सेटिंगमध्ये होतं आणि त्या सेटिंगला कंपनीने लावलेला पासवर्ड होता. रतनने कंपनीत फोन केला. त्यांनी दुसरा नंबर दिला. दुसऱ्याने ईमेल करायला सांगितलं. ईमेलला उत्तर आलं, की मशीन आता आमच्या यादीत नाही.

तेवढ्यात चैतन्य आला. चैतन्य वाईट नव्हता. बँकेतली नोकरी सांभाळून अभ्यासिकेसाठी धावायचा. त्याने सांगितलं, की पुढच्या रविवारी एक माणूस येऊन सगळीकडे विंडोज टाकणार आहे आणि आठवणींचं काम एका डीटीपीवाल्याला देऊया.

"दादा, दोन रविवार तू एका मेनूत घालवलेस," तो म्हणाला. "पोरांना मशीन मिळत नाहीये ना."

 रतनकडे दोन रविवारांत दाखवायला मेनूतलं एक नाव होतं फक्त, तेही न उघडणारं. रागात त्याने एवढंच मागितलं, की त्या माणसाला एक आठवडा पुढे ढकल.

तिसऱ्या रविवारी त्याने फोरमचा नाद सोडला आणि स्क्रूड्रायव्हर काढला. कारखान्यात असताना मशीन ऐकेना की आधी झाकण उघडायचं, ही त्याची सवय. आत बोर्डवर पासवर्ड पुसायची निळी टोपी होती, भाताच्या शितापेक्षा थोडी मोठी. ती काढली, मशीन चालू केलं, पासवर्ड गेला. सहीचं कुलूप उघडलं. मेनूतल्या नावावर एंटर दाबलं आणि निळ्या पडद्यावर आकडे धावायला लागले.

पहिला तासभर काहीच नाही. एकही चूक नाही. रतनला वाटलं, आपण मूर्ख ठरलो. चहा घेऊन परत आला तेव्हा खाली लाल ओळी उतरत होत्या, एकामागून एक. प्रत्येक ओळीत काय ठेवलं होतं आणि काय परत मिळालं ते लिहिलेलं. दर वेळी बिघाड त्याच एका जागी. मशीन प्रत्येक अक्षर आकड्यांत ठेवतं; त्याने 'म' आणि 'ब' यांचे आकडे शोधले. दोघांत फरक होता तो तेवढ्याच एका जागचा. 'ग' आणि 'क' यांच्यातही तोच. त्याने पडद्याचा फोटो काढला, रॅमच्या दोन पट्ट्यांतली एक काढली, पुन्हा तपासलं, दुसरी लावून बघितली. खराब पट्टी सापडली.

चैतन्यने फोटो बघितला आणि म्हणाला, "झकास. बदलून टाक मग." बस्स, एवढंच. विंडोजवाल्याचं येणं त्याने रद्द केलं, पण मालनताईंचं नाव काढलं नाही.

त्या संध्याकाळी रतन ताईंच्या घरी गेला. फोटो दाखवला, सगळं समजावून सांगितलं. त्याला वाटलं होतं, त्यांना हायसं वाटेल. त्यांनी फोटो बघितला. मग आत जाऊन एक फाइल घेऊन आल्या. आत डॉक्टरांचे कागद होते. विसराळूपणासाठी तपासणी, डोक्याचा स्कॅन, गोळ्या. सहा महिन्यांचे.

"मला खरंच वाटायला लागलं होतं, रतन," त्या म्हणाल्या. "गॅस बंद केला का म्हणून तीनतीनदा उठायचे मी. मुलाला सांगितलं, आता बँकेचं तूच बघ."

 रतन म्हणाला, ताई, उद्यापासून या.

"नाही. मला चार जणांसमोर सांगितलं त्यांनी. हेही चार जणांसमोर सांग, मग येते."

कमिटीच्या बैठकीत रतनने विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, आयत्या वेळच्या विषयांत घेऊ. आयत्या वेळचे विषय आले तोवर निम्मी माणसं उठली होती. रतन उभा राहिला. त्याला भाषण जमत नसे. त्याने फोटो फिरवला आणि सांगितलं, की चूक मशीनची होती, मशीन मी तपासायला हवं होतं, आणि मी ते वर्षभर केलं नाही. मालनताईंनी एकही अक्षर चुकवलेलं नाही.  मग चैतन्य स्वतःच म्हणाला, की मी जाऊन ताईंची माफी मागतो, आणि पोरांसमोरही बोलतो. दोन्ही त्याने केलं, हे सांगायला हवं.

ताई परत आल्या. फाइल दर वेळी दोन ठिकाणी ठेवायला लागल्या आणि जवळ एक वहीही. गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद केल्या, पण गॅससाठी उठणं काही लगेच सुटलं नाही.

सोनूबाई मधल्या काळात गावी जाऊन राहिल्या होत्या. ताईंनी फोन करून सगळं पुन्हा सांगाल का विचारलं. रतन शेजारीच होता, फोनचा स्पीकर चालू होता.

"एकदा सांगितलं ना बाई," सोनूबाई म्हणाल्या. "त्या दिवशी लई रडून सांगितलं. आता न्हाई निघायचं त्ये."

ताईंनी आग्रह केला नाही. पुस्तकात सोनूबाईंचं नाव, गाव आणि इथे आल्याचं साल एवढंच येणार आहे. त्या ओळी ताईंनी स्वतः टाइप केल्या आणि रतनकडून दोनदा वाचून घेतल्या.

रतनने उरलेली सातही मशीन तपासली. आणखी दोन खराब निघाली. आठही मशीनच्या मेनूत त्याने ती तपासणी कायमची ठेवली आहे. परवा कमिटीतल्या एकाने तक्रार केली, की मशीन चालू होताना पाच सेकंद तो मेनू उगाच दिसतो, काढून टाक. रतनने ऐकून घेतलं आणि काही काढलं नाही.